घाई आणि दिरंगाईच्या मधले दिवस

एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जाहीर झाली की दोन-चार दिवसांत पहिला निरोप येतोच: "स्टेबलसाठी बॅकपोर्ट कधी?" बॅकपोर्ट म्हणजे नवी आवृत्ती, किंवा तिच्यातली एखादी दुरुस्ती, लिनक्सच्या जुन्या स्थिर ('स्टेबल') वितरणावर चालेल अशी करून देणं. विचारणारा उतावीळ असतो असं नाही. बहुतेक वेळा त्याचं खरंच काहीतरी अडलेलं असतं. नव्या लॅपटॉपचं वायफाय जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) ओळखत नाही. सहकाऱ्याने नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल याच्याकडे उघडत नाही. किंवा वर्षभर छळणारा बग अपस्ट्रीमने (मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी) एकदाचा दुरुस्त केलाय, पण ती दुरुस्ती नेहमीच्या वाटेने यायला अजून दीड वर्ष आहे. अशा माणसाला "थांबा" म्हणताना जड जातं. "घ्या" म्हणताना त्याहून जड जातं, कारण त्या एका शब्दावर विसंबून ज्यांनी काहीच विचारलं नव्हतं तेही ते पॅकेज (वितरणासाठी बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर) घेतात.

पॅकेजं सांभाळायचं आणि बॅकपोर्ट करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नवा कोड जुन्या वितरणावर बिल्ड करणं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, हा त्यातला सोपा भाग. थोडी खटपट केली की जमतं. अवघड आहे ते "आता पुरे, आता हे लोकांच्या हाती द्यायला हरकत नाही" असं ठरवणं.

स्टेबल वितरण म्हणजे दिलेला शब्द असतो: आज जे चालतंय ते उद्या सकाळीही तसंच चालेल. डेबियन या लिनक्स वितरणाचंच उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा त्यात पायथन ३.११ होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ येईपर्यंत पायथनच्या ३.१२ आणि ३.१३ अशा दोन आवृत्त्या येऊन गेल्या, पण डेबियन १२ मधलं पायथन ३.११च राहिलं. ज्यांचे सर्व्हर त्यावर उभे आहेत त्यांना हेच हवं असतं. सुरक्षेच्या आणि गंभीर बगांच्या दुरुस्त्या तेवढ्या येत राहतात, आणि त्याही शक्यतो जुन्याच आवृत्तीत नेमक्या ठिकाणी बसवलेल्या.

त्यामुळे बॅकपोर्ट दोन तऱ्हेचे होतात. एक म्हणजे एखादीच दुरुस्ती नव्या कोडमधून उचलून जुन्या शाखेत बसवायची. दुसरा म्हणजे अख्खी नवी आवृत्तीच जुन्या वितरणावर बिल्ड करून ज्याला हवी त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. पहिल्यात बदल लहान, पण तो सगळ्यांच्या मशीनवर जातो. दुसऱ्यात बदल मोठा, पण तो मागणाऱ्याच्याच मशीनवर जातो. दोन्हींची जोखीम वेगळी, म्हणून दोन्हींसाठी थांबण्याचं गणितही वेगळं.

थांबायचं किती याचे नियम आहेत, आणि ते शहाणपणाने केलेले आहेत. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल' या कप्प्यात जातं. तिथून 'टेस्टिंग' या पुढच्या कप्प्यात जायला अपलोड करणाऱ्याने लिहिलेल्या तातडीनुसार दहा, पाच किंवा दोन दिवस जावे लागतात, आणि त्या दिवसांत नवा गंभीर बग नोंदला जाता कामा नये. बॅकपोर्ट करायचं पॅकेज सर्वसाधारणपणे आधी टेस्टिंगमध्ये पोचलेलं असावं लागतं. उबुंटू या दुसऱ्या वितरणात स्टेबलसाठीची दुरुस्ती आधी 'प्रपोज्ड' कप्प्यात निदान सात दिवस राहते आणि ती खरोखर काम करते हे कोणीतरी तपासून नोंदवावं लागतं. नंतरही ती एकदम सगळ्यांना न जाता टप्प्याटप्प्याने जाते. लिनक्स कर्नलच्या स्थिर शाखांचा नियम आणखी कडक: बदल आधी मुख्य शाखेत असला पाहिजे, तो उघडपणे बरोबर आणि तपासलेला असला पाहिजे, संदर्भासाठी दाखवलेल्या आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नको, आणि त्याने लोकांना खरोखर त्रास देणारा बग सुटला पाहिजे.

हे नियम मी पाळते. पण इतकी वर्षं पाळल्यावर मला वाटतं ते असं: दिवस मोजणं ही सोय आहे. दहा दिवसांत काय व्हायला हवं, तर कोणीतरी ती आवृत्ती वापरायला हवी. ज्या पॅकेजचे अनस्टेबलवर मोजकेच वापरकर्ते आहेत, त्याचे दहा दिवस कोरडे जातात. कोणीच तक्रार केली नाही, कारण कोणी उघडूनच पाहिलं नाही. उलट वेब ब्राउझर अनस्टेबलमध्ये पडला की एका दुपारी त्याच्यावर जेवढा वापराचा मारा होतो तेवढा एखाद्या लहान लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडवर) वर्षात होत नाही. म्हणून मी "किती दिवस झाले" यापेक्षा "या दिवसांत कोणी, कशावर, काय करून पाहिलं" हे शोधते. त्याचं उत्तर कुठे एका आकड्यात मिळत नाही, इकडून तिकडून गोळा करावं लागतं.

आणखी एक गोष्ट. अनस्टेबल वापरणारी माणसं आणि स्टेबल वापरणारी माणसं सारखी नसतात. अनस्टेबलवाला रोज अपडेट करतो, काही बिघडलं तर लॉग (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी) वाचतो, बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवर असतो. स्टेबलवाल्याचं मशीन महिनोन्‌महिने बंद होत नाही, त्यावर जुनी कॉन्फिगरेशन फाइल असते, जी तीन वितरणांपूर्वी कोणी तरी लिहून ठेवली आणि तो माणूस आता तिथे नसतोही. पहिल्याच्या हातून जे बग सापडतात ते दुसऱ्याला भेडसावणारे बग असतीलच असं नाही. स्टेबलसाठी निर्णय घेताना मला दुसऱ्याच्या जागी उभं राहावं लागतं.

"पॉइंट वन येईपर्यंत थांबा", म्हणजे नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती-आवृत्ती निघेपर्यंत थांबा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो वाईट नाही. उबुंटूसुद्धा एका दीर्घकालीन आवृत्तीवरून पुढच्या दीर्घकालीन आवृत्तीवर जायचा पर्याय पहिलं पॉइंट रिलीज आल्यावरच समोर ठेवतं. पण हा सल्ला ओरडणाऱ्या बगांसाठी आहे. प्रोग्रॅम सुरूच होत नाही, बटण दाबलं की कोसळतो, इन्स्टॉल करतानाच अडतो: असले बग पहिल्या आठवड्यात आपणहून पुढे येतात. मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या बगांची.

पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसची १४वी आवृत्ती ३० सप्टेंबर २०२१ रोजी आली. पोस्टग्रेसची मंडळी किती काटेकोर आहेत हे त्या क्षेत्रातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. त्या आवृत्तीत एक चांगली सुधारणा होती: वापर चालू असलेल्या टेबलावर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बांधण्याचं काम सुरू असताना व्हॅक्यूमला (टाकाऊ झालेल्या ओळींच्या साफसफाईला) त्यासाठी अडून राहावं लागू नये. कल्पना रास्त होती, पण त्यामुळे काही परिस्थितींत नव्या इंडेक्समध्ये काही ओळींची नोंदच होत नव्हती. ओळ टेबलात आहे, पण इंडेक्समधून शोधायला गेलं तर सापडत नाही. कसलीही चूक दाखवली जात नाही, लॉगमध्ये काही येत नाही. १४.१ आली, १४.२ आली, १४.३ आली, आणि हा दोष तसाच होता. १६ जून २०२२ रोजी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर १४.४ काढून ती सुधारणा मागे घेतली गेली. म्हणजे पॉइंट वनच काय, पॉइंट थ्रीपर्यंत थांबलेल्यालाही हे भोवलं असतं.

यातून कोणी "मग थांबण्यात अर्थच नाही" असा निष्कर्ष काढला तर तो मला पटत नाही. मी यातून एवढंच घेते की नव्या आवृत्तीत नेमकं काय हललं आहे हे वाचल्याशिवाय थांबण्याचा काळ ठरवता येत नाही. रंग, मेनू, नवे पर्याय बदलले असतील तर तीन आठवडेही खूप झाले. पण डेटा डिस्कवर कसा लिहिला जातो, लॉक कसे घेतले जातात, एकाच वेळी दोघांनी तीच गोष्ट बदलली तर काय होतं, याला हात लागला असेल तर मी कितीतरी सावकाश जाते. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) "वेग सुधारला" असं लिहिलेली ओळ दिसली की मी तिथे थांबून मूळ बदल उघडते. वेग पुष्कळदा आधी होत असलेली एखादी तपासणी किंवा वाट पाहणं काढून टाकूनच मिळवलेला असतो.

नवी आवृत्ती आल्यावर पहिले काही आठवडे अपस्ट्रीमचा इश्यू ट्रॅकर (तक्रारींची नोंदवही) रोज वाचायची मला सवय आहे. किती तक्रारी आल्या याच्याकडे मी फार लक्ष देत नाही. लोकप्रिय प्रोजेक्टवर तक्रारींचा पाऊस पडणारच. मी बघते ते तक्रारींचं वळण. सुरुवातीला "बिल्ड होत नाही", "दस्तऐवजात चूक आहे" अशा नोंदी असतात. मग हळूहळू "अमक्या जुन्या फायलीवर वेगळं उत्तर येतं" अशा नोंदी येऊ लागतात. तिथे मी कान टवकारते, कारण ही तक्रार करणाऱ्याने आवृत्ती खऱ्या कामाला लावलेली असते. आणि मेंटेनर (ते सॉफ्टवेअर सांभाळणारे) त्या तक्रारीला काय उत्तर देतात हेही मी वाचते. "हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, बघतो" असं म्हणणाऱ्या प्रोजेक्टवर माझा विश्वास बसतो. पुन्हा पुन्हा "हे असंच अपेक्षित आहे" म्हणून नोंदी बंद होत असतील तर मी त्यांची आवृत्ती मुरू देते.

एकेका दुरुस्तीच्या बॅकपोर्टबद्दल बोलायचं तर डिसेंबर २०२३ मधली एक घटना मला कायमची आठवणीत राहिली आहे, कारण तिच्यात सगळ्यांनी सगळे नियम पाळले होते.

एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या भागात) एक दुरुस्ती झाली. डिस्कवर थेट आणि सिंक्रोनस (लिखाण पुरं होईपर्यंत थांबून) लिहिताना फाइलचा वाढलेला आकारही नीट डिस्कवर जावा यासाठीची. बदल लहान, बरोबर आणि मुख्य शाखेत आलेला. तो कर्नलच्या स्थिर शाखांमध्ये उचलला गेला आणि ६.१.६४ मध्ये पोचला. आता मुख्य शाखेत त्याआधी काही महिन्यांपूर्वी, ६.५ च्या वेळी, शेजारच्या आयोमॅप या भागात आणखी एक छोटा बदल झाला होता: लिहून झाल्यावर फाइलमधली 'पुढची जागा' नेमकी कधी पुढे सरकवायची याचा क्रम थोडा बदलला होता. नवी दुरुस्ती त्या बदललेल्या क्रमावर टेकलेली होती. ६.१ शाखेत तो जुना बदल नव्हताच. दुरुस्ती तिथे स्वच्छ लागली, कंपाइल झाली, काहीही अडलं नाही. फक्त आता थेट लिहून झाल्यावर फाइलमधली जागा पुढे सरकत नव्हती, आणि पुढचं लिखाण चुकीच्या ठिकाणी पडत होतं.

५.१५ शाखेच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची तपासणी चालू असताना एक चाचणी नापास झाली आणि तिचा माग काढता काढता हे लक्षात आलं. तोवर ६.१.६४ बाहेर पडलेली होती. डेबियन १२ चं तिसरं पॉइंट रिलीज त्याच कर्नलसह त्याच आठवड्याच्या शेवटी निघणार होतं. ते थांबवलं गेलं, लोकांना अपग्रेड करू नका असं कळवलं गेलं, आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आलं. १२.३ हा आकडा तसाच ओलांडला गेला.

ही हकिकत मी नव्याने काम शिकणाऱ्यांना सांगते तेव्हा ते विचारतात, "मग दोष कोणाचा?" दोष शोधावा असं मला त्यात काही दिसत नाही. मला दिसतं ते हे की "हा बदल स्थिर आहे का" या प्रश्नात एक शब्द कमी पडतो: कुठे? ६.५ नंतरच्या कर्नलवर तो बदल पूर्ण बरोबर होता. मुख्य शाखेत तो कितीही महिने मुरला असता तरी त्याच्यातून हा दोष बाहेर आला नसता, कारण तिथे दोष नव्हताच. तो जन्मला बॅकपोर्ट करताना. म्हणजे अपस्ट्रीममध्ये गेलेले दिवस अपस्ट्रीमपुरतेच मोजायचे. जुन्या शाखेवर त्या बदलाचं वय पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि तिथली चाचणी तिथेच घ्यावी लागते.

म्हणून बदल उचलताना तो लागला की नाही याच्याआधी मी त्याच्या आजूबाजूचा इतिहास वाचते. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) त्या फायलीवर आणि तिच्या शेजाऱ्यांवर जुन्या शाखेपासून नव्यापर्यंत काय काय झालं, ओळीनओळ नाही तरी एकेका बदलाचं वर्णन तरी. कंटाळवाणं काम आहे. पण चेरी-पिक करताना (एकच बदल उचलून दुसऱ्या शाखेत लावताना) गिटने अडवलं, संघर्ष दाखवला, तर मला उलट बरं वाटतं, कारण दोन शाखा तिथे वेगळ्या आहेत हे निदान समोर येतं. काहीच न अडता गेलेला बदल मी दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा वाचते.

याचं एक लहान उदाहरण माझ्या स्वतःच्या कामातलं. एका पार्सरची (फाइल वाचून तिची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती मी जुन्या स्टेबलच्या स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) बिल्ड करत होते. शेकडो टेस्ट पास, एक नापास. टेस्ट बघितली तर क्षुल्लक वाटावी अशी: अर्धवट कापलेली फाइल दिली की प्रोग्रॅमने चूक दाखवावी, आणि इथे तो चूक न दाखवता रिकामं उत्तर देऊन शांतपणे संपत होता. अशा वेळी हात आपसूक टेस्ट वगळायच्या ओळीकडे जातो. एकच तर आहे, कापलेली फाइल देतो कोण. पण मी खाली उतरत गेले. पार्सर आतून एक कॉम्प्रेशन लायब्ररी वापरत होता. तिच्या नव्या आवृत्तीत फाइल मध्येच संपली तर चूक परत येत होती, जुन्या आवृत्तीत नुसता शून्य आकडा परत येत होता. पार्सरच्या लेखकाने नव्या वागण्यावर विसंबून स्वतःची तपासणी काढून टाकली होती. आणि कोडमध्ये त्याच फंक्शनला आणखी तीन ठिकाणांहून हाक मारली जात होती, ज्यांच्यासाठी टेस्टच नव्हत्या. म्हणजे ती नापास टेस्ट चार दारांपैकी एकाच दारावरची घंटा होती. मी बॅकपोर्ट बाजूला ठेवला आणि अपस्ट्रीमला लिहिलं. त्यांनी तपासणी परत घातली, पुढच्या आवृत्तीत ती आली, आणि तीच आवृत्ती मग मी बॅकपोर्ट केली. उशीर झाला, पण जी आवृत्ती गेली ती जुन्या लायब्ररीवरही शहाण्यासारखी वागणारी गेली.

डिपेंडन्सींचा विषय निघालाच आहे तर: नवी आवृत्ती चालवायला एक नवी लायब्ररी लागते, त्या लायब्ररीला आणखी दोन लागतात, आणि बघता बघता आपण अर्धं नवं वितरण जुन्यावर चढवत असतो. माझी रेषा साधी आहे. जी लायब्ररी बाकीचे पुष्कळ प्रोग्रॅम वापरतात ती एका प्रोग्रॅमसाठी हलवायची नाही. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घ पाठिंब्याची) आवृत्ती जुन्या स्टेबलमध्ये आणायची तर रस्ट भाषेचा नवा कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) लागतो. तिथे डेबियनने नेहमीच्या कंपायलरला हात न लावता त्याच कामासाठी दुसऱ्या नावाचं कंपायलर पॅकेज शेजारी ठेवलं. जागा जास्त जाते, काम दुप्पट होतं, तरी हीच रीत बरोबर आहे. आणि एखाद्या सॉफ्टवेअरवर टेकून असलेले प्रोग्रॅम नेहमी दिसतातच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोस्टग्रेस १७.१ मध्ये आतल्या एका स्ट्रक्चरचा (डेटा ठेवायच्या साच्याचा) आकार वाढला. पोस्टग्रेस स्वतः ठणठणीत होतं, पण आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शनं (त्याला जोडायचे प्रोग्रॅम) त्यावर मोडू लागली. आठवड्याभरात १७.२ काढावी लागली.

मागे फिरता येणार आहे का, हा प्रश्न मी हल्ली सगळ्यात आधी विचारते. नवी आवृत्ती वाईट निघाली आणि जुनी परत टाकता आली, तर नुकसान एका संध्याकाळचं. पण कित्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होतानाच आपला डेटा नव्या साच्यात ओततात, आणि मग जुनी आवृत्ती तो वाचू शकत नाही. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ६७व्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू द्यायचंच थांबवलं, ते याच कारणाने. वरून डेबियनमध्ये पॅकेज खालच्या आवृत्तीवर आणणं हे अधिकृतपणे पाठिंबा असलेलं कामच नाही. कधी जमतं, कधी नाही. त्यामुळे मागचं दार बंद असलेल्या आवृत्तीसाठी मी दुप्पट थांबते, आणि बॅकपोर्टसोबतच्या टिपणात पहिली ओळ तीच लिहिते: आधी बॅकअप घ्या, परत जाता येणार नाही.

डेबियनच्या बॅकपोर्टमधली एक छोटी तरतूद मला फार आवडते. डेबियन १२ साठी बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजच्या आवृत्तीपुढे '~बीपीओ१२+१' असं शेपूट लागतं. त्यातलं ते नागमोडी चिन्ह आवृत्त्यांची तुलना करताना रिकाम्या जागेपेक्षाही खालचं धरलं जातं. म्हणजे बॅकपोर्टची आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा नेहमी किंचित लहान ठरते. पुढचं स्टेबल आलं आणि वापरकर्त्याने अपग्रेड केलं की मूळ पॅकेज आपोआप वर येतं आणि बॅकपोर्ट जागा सोडतो. शिवाय बॅकपोर्टचं भांडार नोंदवलं तरी त्यातलं काहीही आपणहून इन्स्टॉल होत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. मात्र एकदा मागितलं की त्याच्या पुढच्या सुधारणा आपोआप येत राहतात.

त्या शेवटच्या वाक्यात माझ्यावरची जबाबदारी आहे. स्टेबलमधल्या पॅकेजांवर सुरक्षा पथकाचं लक्ष असतं. बॅकपोर्टची काळजी ज्याने आणला त्याने घ्यायची असते. म्हणून आवृत्ती पुरेशी स्थिर आहे का हे विचारताना मला स्वतःकडेही बघावं लागतं: पुढच्या दोन वर्षांत यात सुरक्षेचं भगदाड सापडलं तर ते बुजवायला मी असेन का? प्रोजेक्ट दर महिन्याला आवृत्ती काढतं आणि जुनी लगेच वाऱ्यावर सोडतं का? उत्तम चालणारी काही सॉफ्टवेअरं मी केवळ या कारणासाठी बॅकपोर्ट केलेली नाहीत.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र हे सगळं थांबणं परवडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीतलं भगदाड उघड झालं तेव्हा २.१५ आली, ती पुरेशी नाही असं दिसलं, मग २.१६, मग २.१७, मग २.१७.१, सगळं एकाच महिन्यात. पहिली दुरुस्ती अपुरी निघेल म्हणून पुढच्या दुरुस्तीची वाट पाहत बसणं वेडेपणाचं ठरलं असतं, कारण हल्ले आधीच सुरू झाले होते. अशा वेळी मी दुरुस्ती लगेच घेते आणि त्याच वेळी पुढच्या दुरुस्तीची तयारी करून ठेवते: बिल्डची पायरी, टेस्ट, कळवायचा मजकूर, सगळं हाताशी. घाईच करायची असेल तर तीही नीट करता येते.

आणि कधी थांबण्याने खरंच वाचवलंय. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरची ५.६.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात आणि पाठोपाठच्या ५.६.१ मध्ये जाणूनबुजून पेरलेलं चोरदार होतं. पेरणारा माणूस प्रोजेक्टमध्ये दीर्घकाळ काम करून विश्वास कमावलेला होता, आणि नवी आवृत्ती लवकर घ्या असा वितरणांकडे आग्रहही धरला गेला होता. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी ते उघड केलं. एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या साधनाचं) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय हे त्यांना खटकलं होतं. डेबियनमध्ये ती आवृत्ती अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती. थांबण्याच्या बाजूने यापेक्षा मोठा दाखला नाही. पण दुसरीकडे हार्टब्लीड आहे. तो बग ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीच्या १.०.१ आवृत्तीसोबत मार्च २०१२ मध्ये आला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. दोन वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण मुरलेल्या समजल्या जाणाऱ्या आवृत्तीत बसून होता. कॅलेंडरने त्याला बाहेर काढलं नाही. कोणीतरी मुद्दाम शोधायला बसलं तेव्हा तो निघाला.

थांबण्याची किंमत असते, आणि ती आम्ही पॅकेजवाले कमी धरतो असं मला वाटतं. मी बॅकपोर्ट केला नाही म्हणून गरज संपत नाही. तो माणूस कुठून तरी तयार बायनरी उतरवतो, किंवा एखादी इन्स्टॉल स्क्रिप्ट न वाचता रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवतो. मग त्याच्या मशीनवर जे बसतं त्याला ना सही असते, ना पुढच्या दुरुस्त्या. त्यामुळे "अजून शंका आहे" एवढ्यावर मी आता नकार देत नाही. शंका कसली आहे ते लिहून काढते. लिहिता आली, आणि तिचं उत्तर मिळवायचा मार्ग दिसला, तर तेवढ्यापुरतं थांबते. लिहिताच आली नाही तर ती फक्त भीती आहे असं समजून पुढे जाते.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कमी पडते ती "चाललं" अशी बातमी. बिघडलं की लोक लिहितात. चाललं की कामाला लागतात, आणि ते साहजिक आहे. फेडोरा या वितरणाच्या बोधी यंत्रणेत टेस्टिंगमधलं अपडेट वापरून पाहिलेल्यांनी चांगला-वाईट कौल द्यायचा असतो आणि पुरेसे चांगले कौल पडले की अपडेट लवकर पुढे सरकतं. ती पद्धत मला सगळीकडे हवी आहे. तोवर, तुम्ही टेस्टिंगमधलं किंवा बॅकपोर्टमधलं एखादं पॅकेज महिनाभर खऱ्या कामाला वापरलं असेल तर त्याच्या मेंटेनरला दोन ओळी लिहा: कोणती आवृत्ती, कोणतं वितरण, कोणतं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार), आणि त्यावर नेमकं काय करता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "ठीक चाललंय" याने मला आनंद होतो, पण "रोज रात्री चाळीस जीबीचा बॅकअप याच्यातून जातो आणि पडताळणीत एकदाही फरक आला नाही" याने माझा निर्णय होतो.